बोलावणं आलं, तरी थोडं थांब

सूर्यमाळला बचतगटाची बैठक घ्यायची, तर ती दिवाळीच्या आधीच घ्यावी लागते. दिवाळी झाली की पाड्यावरची कितीतरी घरं बंद होतात. बायाबापड्या पोराबाळांना घेऊन भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्टीवर निघून जातात. मी मूळची वसईची. म्हणजे जे माझं माहेर, तिथेच या बायका पोटासाठी विटा थापायला जातात! दरवर्षी हे मनात येतं आणि जरा ओशाळल्यासारखं होतं. मिस्टरांच्या शाळेतल्या नोकरीमुळे आम्ही जव्हारला आलो, ते आता इथलेच झालो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बायकांचे गट बांधायचे, बाळंतिणींची चौकशी करायची, हे माझं काम. घरातलं आटपून जेवढं जमेल तेवढं.

तर गोष्ट गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली. बैठक संपली. नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन मी एसटीची वाट बघत बसले होते. तेवढ्यात उपकेंद्रातली नर्स शेजारी येऊन बसली. चोवीस वर्षांची पोरगी, तलासरीकडची, वारली समाजातली. सगळा पाडा तिला 'सिस्टर' म्हणतो. बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पण चर्चला जाणाऱ्या ना? मग एक विचारू? इथे सगळे मला सिस्टर म्हणतात. पण मला खरीच सिस्टर व्हायचंय. मठात जायचंय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती पुढे म्हणाली, "पण देवाचं बोलावणं आलंय, की माझ्याच मनाचा खेळ आहे, हे कळायचं कसं?"

खरं सांगू मैत्रिणींनो? मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण सव्वीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर मी न विचारताच देऊन टाकलं होतं.

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये याला 'पाचारण' म्हणतात. पाचारण म्हणजे बोलावणं. वसईत आमच्या लहानपणी घरटी चार-पाच भावंडं असायची आणि त्यातलं एखादं फादर किंवा सिस्टर झालं, तर घराची मान उंच व्हायची. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये मदर तेरेसा गेल्या. त्यांची अंत्ययात्रा आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. मी तेव्हा अठरा वर्षांची, बारावीत. ती निळ्या काठाची पांढरी साडी डोळ्यांसमोरून हलेना. पुढच्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. सगळीकडे उत्साह होता. त्याच वर्षी जूनमध्ये मी बॅग भरली आणि एका मठात उमेदवार म्हणून दाखल झाले. वडील गावभर पेढे वाटत फिरले.

अकरा महिन्यांनी मी परत आले.

कुणी काढलं नाही, कुणी छळलं नाही. पहाटे उठायचं, प्रार्थना, मिस्सा, मग बागेत पाणी, स्वयंपाकघरात भाजी चिरणं, संडास धुणं, अभ्यास, रात्री मौन. मला हे सगळं जमत होतं. पण आम्हा मुलींना घडवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या सिस्टरना काहीतरी खटकत होतं. एक दिवस त्यांनी मला बाजूला बसवून विचारलं, "तू इथे कशासाठी आलीस, ते मला पुष्कळदा सांगितलंस. आता हे सांग, तू कशापासून पळून आलीस?"

आणि मी ढसाढसा रडायला लागले. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तिचा नवरा तिला मारत होता. सणाला घरी आली की हातावरचे वळ पदराखाली झाकायची. लग्न म्हणजे हेच, अशी भीती माझ्या मनात घट्ट बसली होती. मठाच्या भिंतीआड मला देव भेटायचा नव्हता, मला नुसतं सुरक्षित राहायचं होतं. आणि हे माझं मलाच ठाऊक नव्हतं!

त्या नर्सला मी हे सगळं सांगितलं. एसटी येऊन गेली, पण आमचं बोलणं काही संपलं नाही. दुसऱ्या गाडीपर्यंत आम्ही बसून होतो.

बाहेरच्यांना वाटतं, मुलगी एकदा मठात गेली की संपलं. केस कापले, झगा घातला, दार बंद! पण तसं नसतं. आधी काही महिने ओळखीचे, मग उमेदवारीचा काळ. त्यानंतर 'नोव्हिशिएट', म्हणजे नवशिक्या सिस्टरचं प्रशिक्षण. चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्यात घेता येत नाही आणि हे प्रशिक्षण किमान बारा महिन्यांचं असावंच लागतं. मग पहिली व्रतं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. तीही कायमची नाहीत. किमान तीन वर्षांसाठी आणि साधारण सहा वर्षांपर्यंत. गरज पडली तर ही मुदत नऊ वर्षांपर्यंत वाढवता येते. एकवीस वर्षांच्या आत अखेरची व्रतं घेताच येत नाहीत. नोव्हिसला कधीही घरी जाता येतं आणि पहिल्या व्रतांची मुदत संपली की सिस्टरलाही मोकळेपणाने निघता येतं. कुणी भीती दाखवून किंवा फसवून आणलेली मुलगी असेल, तर तिचा प्रवेशच कायद्याने रद्द ठरतो.

हा शहाणपणा चर्चला सहजासहजी आलेला नाही बरं का. जुन्या काळी युरोपात, विशेषतः इटलीतल्या शहरांत, मुलीच्या लग्नाला भरमसाट हुंडा लागायचा. मठातही काही रक्कम द्यावी लागे, पण ती पुष्कळ कमी. म्हणून तीन मुली असल्या की एकीचं लग्न आणि दोघींना मठ! पोरींना विचारतंय कोण? शेवटी १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवलं, की मुलगी स्वखुशीने आली आहे ना, ती काय करते आहे हे तिला कळतंय ना, याची बिशपांनी चौकशी करायची. मुलीला जबरदस्तीने मठात घालणाऱ्याला त्या सभेने धर्मबहिष्कृत ठरवलं आणि योग्य कारणाशिवाय तिला अडवणाऱ्यालाही! दोन्ही बाजूंनी मुलीची मर्जी राखली. कागदावर तरी.

मदर तेरेसांचंच बघा ना. १९२८ साली अठराव्या वर्षी त्यांनी स्कोप्ये शहरातलं घर सोडलं आणि लोरेटो संस्थेत गेल्या. अखेरची व्रतं घेतली ती १९३७ साली. म्हणजे नऊ वर्षांनी. पुढे १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना वाटलं, की मठ सोडून गरिबांमध्ये राहायला देव सांगतो आहे. मग काय, लगेच उठून निघाल्या? छे! कोलकात्याच्या आर्चबिशपांनी त्यांना थांबवून ठेवलं, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. परवानगी मिळाली १९४८ मध्ये. त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली १९५० मध्ये. एवढ्या मोठ्या बाईलासुद्धा 'मला आतून वाटतंय' एवढ्यावर कुणी सोडलं नाही. आणि २००७ साली त्यांची पत्रं पुस्तकरूपाने आली, तेव्हा जगाला कळलं, की त्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्यासारखं वाटतच नव्हतं. आत कोरडं होतं आणि तरी त्या काम करत राहिल्या. म्हणजे डोळ्यांत पाणी येणं, अंगावर शहारा येणं हीच काही बोलावण्याची खूण नाही.

मग खूण कोणती? आमच्याकडे याबाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांचं नाव घेतात. येशूसंघ, म्हणजे जेझुइट फादर लोकांचा संघ, त्यांनी स्थापन केला. मूळचे ते शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहिले. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचे. एक शौर्य गाजवून राजघराण्यातल्या बाईचं मन जिंकण्याचं, दुसरं संतांसारखं जगण्याचं. दोन्ही स्वप्नं बघताना मजाच वाटे. फरक नंतर पडे. पहिलं संपलं की मन कोरडं व्हायचं, दुसरं संपलं तरी मनातली शांतता टिकायची. इथून त्यांना सूत्र सापडलं: विचार येताना कसा लागतो ते बघू नका, तो गेल्यावर मनात काय उरतं ते बघा.

त्यांनी पुढे 'स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस' या पुस्तकात निर्णय घेण्याच्या रीती सांगितल्या आहेत. मी त्या सिस्टरकडून शिकले आणि आज साठीच्या सासूबाईंपासून सोळा वर्षांच्या मुलीपर्यंत सगळ्यांना सांगते. धर्म कुठलाही असो, कामाला येतात. मन खचलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. कागदावर रेघ ओढून एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहायचे. एखादी अनोळखी बाई हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आली, तर आपण तिला काय सांगू, ते स्वतःला सांगायचं. आणि मरणाच्या दारात पडले असताना, मी काय केलं असतं तर बरं वाटलं असतं, असं विचारायचं. याशिवाय रोज रात्री पाच-दहा मिनिटं बसून आज मन कशाने उमललं, कशाने मिटलं, याचा हिशेब ठेवायचा. बचतगटाचं पासबुक असतं ना, तसंच!

त्या पोरीने दोनशे पानी वही आणली आणि रोज रात्री लिहायला लागली.

पण खरी अडचण पुढेच होती. डिसेंबरात तिची आई सूर्यमाळला आली. नर्सच्या खोलीसमोरच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. माझ्याच वयाची बाई, पण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी थोर दिसणारी. तिने आडपडदा ठेवला नाही.

"बाई, पोरीचा पगार येतो म्हणून मी अडवते, असं तुम्हाला वाटंल. वाटू दे. मी भट्टीवर विटा थापल्या, तेव्हा ही शिकली. धाकटा आता आयटीआयला हाय. बापाला दम लागतो, त्याचं औषध. ही गेली तर पगार कुणाला?"

मला खोटं बोलता येईना. सिस्टर झाल्यावर ती जे काही कमावते ते तिच्या संस्थेचं होतं, घरी येत नाही. दारिद्र्याचं व्रत म्हणजे तेच. मी तसं सांगितलं. ती खिन्न हसली. "मग देवाला माझीच पोर दिसली काय? ज्यांच्या घरी चार पगार येतात त्यांच्या पोरी नाही दिसल्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मैत्रिणींनो. आजही नाही. त्यागाचं कौतुक आपण नेहमी करतो, पण जिच्या ताटातला घास कमी होतो तिला कुणी विचारत नाही.

मी त्या पोरीला एवढंच म्हटलं, की आईचं हे बोलणं जसंच्या तसं तुझ्या वहीत लिही आणि मठातल्या सिस्टरना दाखव. तिला वाटत होतं, त्या म्हणतील, आईबापाचा मोह सोड. पण झालं उलटंच. त्या अनुभवी सिस्टर म्हणाल्या, "आधी घरची सोय लाव. बोलावणं खरं असेल तर दोन वर्षांत शिळं होत नाही."

नंतर मी शोधून वाचलं, तर ही काही त्यांची पदरची दया नव्हती. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की आईवडील किंवा आजी-आजोबा मोठ्या अडचणीत असतील आणि त्यांना सांभाळण्याची जबाबदारी मुलीवर असेल, तर तिला मठात घेऊ नये. १९८३ च्या कायद्यात ते कलम तसंच्या तसं नाही, पण न फिटणारं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला घेऊ नये, हे आजही आहे. भट्टीवर काढलेली आईची वर्षं हेही कर्जच नाही का?

आज जगभर सिस्टरांची संख्या घटते आहे. १९७० च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास सिस्टर होत्या, आता त्या सहा लाखांच्याही आत आल्या आहेत. अशा वेळी आपणहून आलेल्या नर्सला 'थांब' म्हणायला मन मोठं लागतं. म्हणून मला त्या सिस्टरचं कौतुक वाटतं.

थांबण्याने बोलावणं मरत नाही, हे आमच्या वसईला तर माहीतच आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेले. जेझुइटांच्या बरोबर राहिले, त्यांच्या संघात घ्या म्हणून विनवण्या केल्या, पण घेतलं नाही. मग व्यापार केला, चांगला जम बसवला. आणि पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९७ साली नागासाकीत त्यांना क्रुसावर मरण आलं आणि १८६२ साली ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. एक दार बंद राहिलं म्हणून त्यांचं बोलावणं खोटं ठरलं नाही.

आणि आपल्या मराठी बायकांमधलं उदाहरण हवं, तर लक्ष्मीबाई टिळक आहेतच. त्या कॅथलिक नव्हत्या, पण निर्णय म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा नवऱ्यामागून लगेच गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, दूर राहिल्या, विचार केला आणि मनाला पटलं तेव्हा, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचं बोलावणं ते नवऱ्याचं. बाईंना स्वतःचं यावं लागलं.

या ऑक्टोबरात मी पुन्हा सूर्यमाळला गेले. ती पोरगी अजून नर्सच आहे. धाकट्याचा आयटीआय पूर्ण झाला आणि तो बोईसरला कारखान्यात लागला. बापाचं औषध आता त्याच्या पगारातून येतं. मठातल्या 'या आणि पाहा' शिबिराला ती दोनदा जाऊन आली. एकदा आईला बरोबर घेऊन गेली. आईने प्रार्थनागृह बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं. घरी आल्यावर म्हणाली, "मोठ्या सिस्टर पण आपली भांडी आपण घासतात. मग बरं हाय."

पोरीचं अजून पक्कं ठरलेलं नाही. वही दुसरी सुरू झाली आहे. ती म्हणते, "ताई, आधी मला घाई झाली होती. आता घाई नाही, पण विचारही जात नाही." माझ्या मते ही बरी खूण आहे. पण ते ठरवणार ती.

निघताना मी तिच्या आईला विचारलं, "समजा ही गेली आणि वर्षाने परत आली, तर?"

ती म्हणाली, "तर येऊ दे. माझ्या घराला कुठं कडी हाय?"

एसटीत बसल्यावर मला माझे वडील आठवले. मी परत आले त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली होती, 'टिकली नाही', 'काहीतरी केलं असेल'. चर्चच्या दारात बायका माझ्याकडे बघून आवाज बारीक करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी कोयता माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चल, केळी उतरवायची आहेत." बस, एवढंच. पुढे मी कॉलेजला नाव घातलं, बी. ए. झाले, लग्न केलं. आणि ज्या भीतीने पळाले होते, ती भीती त्या अकरा महिन्यांत नीट बघून झाली होती, म्हणून डोळे उघडे ठेवून लग्न केलं.

पण वडील मनातून हलले होते. दोन वर्षांनी ते एकटेच माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी गेले आणि तिला आणि तिच्या लेकराला घेऊन आले. आईला म्हणाले, "एक परत आली, तर आकाश कोसळलं नाही. ही पण येऊ दे." बहीण आजही वेगळी राहते, शिवणकाम करते, हसते.

मैत्रिणींनो, मठात जाणाऱ्या मुलीला चर्च इतकी वर्षं देतं. बघ, राहा, विचार कर, नको वाटलं तर परत जा, असं सांगतं. आणि आपण लग्न करून देताना मुलीला किती वेळ देतो? कांदेपोह्यांच्या एका बैठकीत होकार मागतो आणि 'आता तेच तुझं घर' म्हणून पाठवणी करतो. मुलगी मठात जाणार असो, सासरी जाणार असो, की मुंबईला नोकरीला, तिला एकदा तरी जवळ बसवून विचारा, की तू कशासाठी चाललीस आणि कशापासून? ती रडली तर रडू द्या.

आणि ती परत आली, तर तिच्या हातात काहीतरी काम द्या. चौकशी नंतर करा.